टरबूज या शब्दाचे मूळ कसे शोधावे

वडोदऱ्याच्या खंडेराव मार्केटमध्ये गुजराती विक्रेता ज्याला ‘तरबूच’ म्हणतो, त्यालाच आपल्या घरांत कोणी टरबूज, तर कोणी कलिंगड म्हणतात. म्हणून प्रथम ही सर्व रूपे शेजारी शेजारी लिहून घ्यावीत. कलिंगडाचा माग संस्कृत ‘कालिङ्ग’कडे जातो, टरबुजाचा फारसीकडे, तेथे ‘तर’ म्हणजे ओले. मग मोल्सवर्थच्या १८५७च्या मराठी-इंग्रजी शब्दकोशात जुने अर्थ पडताळावेत. ‘खरबूज’ पाहताना अधिक सावध राहावे: फारसीत ‘खर’ म्हणजे गाढव, हे वाचून हसू येईल, परंतु समासात तोच शब्द ‘मोठा’ असाही अर्थ देतो, तेव्हा लगेच गाढवाची गोष्ट रचू नये. गंमत अशी, की इराणात टरबुजाला आज ‘हेंदवाने’, म्हणजे हिंदचे, म्हणतात.