हिऱ्यांचा भाव रुपयांत काढा

मोबाइलवरील अनेक खेळांत वस्तूंच्या किमती रुपयांऐवजी हिऱ्यांत, म्हणजे पैसे देऊन घ्यायच्या खेळातल्या चलनात दाखवतात, त्यामुळे किती पैसे गेले हे मुलांच्याच काय, मोठ्यांच्याही ध्यानात येत नाही.

१. खरेदीपूर्वी एका हिऱ्याचा भाव काढावा. ८० रुपयांना १०० हिरे मिळत असतील, तर खेळातल्या पात्राचा ४०० हिऱ्यांचा पोशाख ३२० रुपयांना पडतो. परभणीच्या बाजारात ज्वारी ४० रुपये किलो धरली, तर तेवढ्या पैशांत ती आठ किलो झाली, आणि हा हिशेब मुलाकडूनच करून घ्यावा.

२. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीसाठी पडताळणी सुरू ठेवावी.

थोडे हिरे उरावेत अशाच बेताने विक्रीचे हिऱ्यांचे गठ्ठे पुष्कळदा बांधलेले असतात. तेव्हा उरलेले खपवण्यासाठी नवा गठ्ठा घेऊ नये. यूपीआयचा पिन मात्र मुलांना कधीही सांगू नये.