टेलिमेट्री कानाने वाचायची: आरसी विमानातले सेन्सर, अलार्म आणि डिस्प्ले

फोमचं साधं आरसी (रेडिओने चालवायचं) विमान सेकंदाला 15 मीटरच्या आसपास जातं. स्क्रीनवरचा आकडा बघायला मान खाली घातली, आकडा शोधला, मान वर केली की दोन सेकंद गेले आणि विमान 30 मीटर पुढं. उसाच्या कडेला उतरवत असाल तर तेवढ्यात ते फडात. म्हणून टेलिमेट्री (विमानातल्या सेन्सरचे आकडे रेडिओवरून हातातल्या ट्रान्समीटरवर आणायची सोय) बसवताना सगळ्यात आधी हे ठरवून टाका: स्क्रीन जमिनीवर वाचायची, हवेत फक्त ऐकायचं. कोणते सेन्सर घ्यायचे आणि अलार्म कितीवर लावायचे हे त्यावरूनच ठरतं.

पुढचे आकडे 1.2 मीटर पंखांचं विमान, थ्री-एस (तीन सेलची) 2200 एमएएच लायपो बॅटरी आणि 30 अँपिअर ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) धरून दिले आहेत. मोठ्या विमानाला आकडे बदलतील, पद्धत तीच राहील.

आधी सिस्टीम आणि बँड

फ्लायस्काय कंपनीचा एफएस-आय6 ट्रान्समीटर आणि आयए6बी रिसीव्हर ही बऱ्याच जणांची पहिली जोडी. तिच्यात टेलिमेट्री आहे, पण स्क्रीनवर दिसणारा आतला व्होल्टेज हा बीईसीचा (रिसीव्हरला वीज पुरवणाऱ्या सर्किटचा), म्हणजे 5 व्होल्टच्या आसपासचा असतो. मेन बॅटरी संपत आली तरी तो आकडा हलत नाही, कारण त्याला स्थिर ठेवणं हेच बीईसीचं काम. बॅटरी बघायची तर सीव्हीटी01 हा व्होल्टेज सेन्सर रिसीव्हरच्या आयबस सेन्सर पोर्टात लावायचा आणि त्याच्या दोन वायरी मेन बॅटरीच्या प्लस-मायनसला सोल्डर करायच्या. शेजारचं आयबस सर्व्हो पोर्ट दिसायला तसंच आहे. त्यात घातला तर स्क्रीनवर काहीच येत नाही, आणि लोक सेन्सरलाच दोष देतात. ट्रान्समीटरमध्ये एएफएचडीएस 2ए हा फ्लायस्कायचा टेलिमेट्रीवाला मोड चालू असायला हवा.

नव्याने घेत असाल तर एक्सप्रेसएलआरएस (रेडिओ लिंकची प्रणाली) आणि एजटीएक्सवर (ट्रान्समीटरचं सॉफ्टवेअर) चालणारा ट्रान्समीटर घ्या. अलार्म हवे तसे बांधता येतात, आणि या कामात खरी मेख तीच आहे. रेडिओमास्टरच्या ईआर मालिकेतल्या बऱ्याच पीडब्ल्यूएम (सर्व्हो थेट जोडता येणाऱ्या) रिसीव्हरांत मेन बॅटरीचा व्होल्टेज मोजायची सोय आतच असते, ईआर8जीव्हीमध्ये व्हेरिओही (चढण्या-उतरण्याचा वेग सांगणारा सेन्सर). फ्रस्काय कंपनीचा सेट असणाऱ्यांना एस-पोर्ट या तिच्या सेन्सर पोर्टवर सेन्सरची साखळी लावता येते. तिथं मात्र एकाच जातीचे दोन सेन्सर लावले की दोघांचा आयडी एकच येतो आणि आकडे उड्या मारतात किंवा गायब होतात. एकाचा आयडी बदलून घ्यावा लागतो.

बँडबद्दल स्पष्ट सांगायला हवं. आपल्याकडे 2.4 गिगाहर्ट्झ आणि 865 ते 868 मेगाहर्ट्झ हे परवान्याशिवाय वापरता येतात. 915 मेगाहर्ट्झची टेलिमेट्री मॉड्यूलं ऑनलाइन सहज मिळतात, पण ती परदेशच्या नियमांसाठी बनलेली आहेत. ती घेऊ नका. लांब पल्ल्यासाठी कमी फ्रिक्वेन्सीचं एक्सप्रेसएलआरएस वापरायचंच असेल तर फर्मवेअर टाकताना भारताचा 866 हा पर्याय निवडा.

व्होल्टेज: जोडणी, मेळ आणि अलार्म

पूर्ण पॅकचा व्होल्टेज मोजणं स्वस्त पडतं, पण त्यात एक कमजोर सेल लपून राहतो. 10.8 व्होल्ट म्हणजे तिन्ही सेल 3.6 वर, किंवा दोन 3.75 वर आणि एक 3.3 वर. बॅटरी जुनी असेल तर बॅलन्स वायरवरून (प्रत्येक सेलला जोडलेल्या बारीक वायरींवरून) प्रत्येक सेल मोजणारा सेन्सर घ्या, उदाहरणार्थ फ्रस्कायचा एफएलव्हीएसएस. एजटीएक्समध्ये त्यावर कॅल्क्युलेटेड सेन्सर बनवून 'सेल, सर्वांत कमी' असं निवडा आणि अलार्म त्या आकड्यावर लावा.

बॅलन्स वायर लावण्याचा क्रम चुकू नका. आधी मेन कनेक्टर, नंतर बॅलन्स. काढताना आधी बॅलन्स, नंतर मेन. उलटं केलं आणि मेनची मायनस बाजू सुटलेली राहिली, तर ईएससीचा सगळा करंट त्या बारीक काळ्या बॅलन्स वायरीतून, सेन्सरमधून आणि रिसीव्हरच्या ग्राउंडमधून वाट काढतो. वायर जळते, कधी रिसीव्हरही जातो. बॅलन्स प्लग उलटा बसत नाही असं समजू नका, पिना उघड्या असतील तर बसतो. काळी वायर कुठं येते ते बघूनच लावा.

नंतर मेळ घ्या. बॅटरी जोडा, मल्टिमीटरने कनेक्टरवर व्होल्टेज मोजा आणि स्क्रीनशी ताडा. मीटरवर 12.45 आणि स्क्रीनवर 12.2 असेल तर सेन्सरच्या सेटिंगमधला रेशो वाढवून जुळवा. पाव व्होल्टची चूक किरकोळ वाटते, पण थ्री-एसला ती प्रत्येक सेलमागे 0.08 व्होल्ट आहे, आणि उतरायच्या वेळी त्यात मिनिटभराचं अंतर पडतं.

आता अलार्म. नवशिक्याचा अलार्म हटकून फुल थ्रॉटलला खोटा वाजतो. कारण सरळ आहे: सेलचा अंतर्गत रोध 10 मिलिओहम धरला तर 20 अँपिअरला प्रत्येक सेल 0.2 व्होल्टने खाली बसतो. जुन्या पॅकचा रोध 25 वर गेला असेल तर अर्धा व्होल्ट. टेक ऑफलाच आरडाओरडा सुरू होतो, तुम्ही वैतागून अलार्म बंद करता, आणि पुढच्या वेळी खरी बॅटरी संपते तेव्हा ट्रान्समीटर गप्प असतो. यावर उपाय अलार्मचा आकडा खाली आणणं नव्हे, वेळ लावणं हा आहे. एजटीएक्समध्ये असं करा:

1. विमान आणि ट्रान्समीटर दोन्ही चालू ठेवून मॉडेलच्या टेलिमेट्री पानावर 'डिस्कव्हर न्यू' दाबा. यादी भरली की थांबवा, नको ते सेन्सर काढून टाका.
2. लॉजिकल स्विच एल01: फंक्शन 'ए < एक्स', सोर्स बॅटरीचा व्होल्टेज, किंमत 10.5, डिले 3 सेकंद. व्होल्टेज सलग तीन सेकंद खाली राहिला तरच तो चालू होतो.
3. एल02: तसाच, किंमत 9.9, डिले 1 सेकंद.
4. स्पेशल फंक्शनमध्ये एल01 ला आवाजाची फाइल, दर 10 सेकंदांनी. एल02 ला दुसरी फाइल आणि सोबत हॅप्टिक (ट्रान्समीटरची थरथर).
5. एका मोकळ्या स्विचवर 'प्ले व्हॅल्यू' लावा, दर 30 सेकंदांनी व्होल्टेज बोलून दाखवेल.

आवाजाची फाइल स्वतः मराठीत रेकॉर्ड करा. "बॅटरी कमी, उतरव" हे शेजारी उभ्या असलेल्या पोरालाही कळतं आणि तोही तुम्हाला हाक मारतो. फाइल मोनो, 16 बिट वेव्ह हवी, नाव इंग्रजीत सहा अक्षरांच्या आत, आणि कार्डावरच्या साउंड्स फोल्डरात निवडलेल्या भाषेच्या फोल्डरात ठेवायची. वाक्य दीड सेकंदात संपलं पाहिजे. दोन अलार्मचे शब्द आणि आवाज वेगळे ठेवा, म्हणजे वाऱ्याच्या गोंगाटातही गल्लत होत नाही.

लिंक: टेलिमेट्री गेली म्हणजे कंट्रोल गेला असं नाही

ट्रान्समीटर 100 किंवा 250 मिलिवॉटने पाठवत असतो, विमानातला छोटा रिसीव्हर बऱ्याचदा त्याच्या कितीतरी कमी ताकदीने उत्तर देतो. म्हणून लांब गेल्यावर आधी टेलिमेट्री तुटते, कंट्रोल चालू असतो. 'टेलिमेट्री लॉस्ट' ऐकून घाबरून स्टिक ओढू नका. शांतपणे वळवा आणि जवळ आणा. पण ती रोज त्याच अंतरावर न तुटता एके दिवशी निम्म्या अंतरावर तुटली, तर उतरवून अँटेना बघा.

एक्सप्रेसएलआरएसमध्ये आरएसएसआयपेक्षा (सिग्नलची ताकद) लिंक क्वालिटीवर (किती टक्के संदेश नीट पोचतात) भरवसा ठेवा. एजटीएक्सचा मूळ इशारा 45 आणि 42 वर असतो. तो फ्रस्कायच्या आरएसएसआयसाठी ठीक आहे, लिंक क्वालिटीला फार उशिराचा. 70 आणि 50 करा. आरएसएसआय बघायचाच तर पॅकेट रेटनुसार (सेकंदाला किती संदेश जातात त्यानुसार) बघा: 2.4 गिगाहर्ट्झवर 250 हर्ट्झला संवेदनशीलतेची हद्द उणे 108 डीबीएम, 50 हर्ट्झला उणे 115.

अँटेनाचं टोकाचं 31 मिलिमीटर उघडं टोक हेच काम करतं. ते बॅटरी, ईएससी आणि कार्बनच्या दांड्यांपासून लांब ठेवा. दोन अँटेना असतील तर एकमेकींना काटकोनात. आणि जुलै-ऑगस्टनंतर डोक्याएवढा वाढलेला ऊस मध्ये आला की 2.4 गिगाहर्ट्झची लिंक झपाट्याने पडते, कारण पानातलं पाणी हा सिग्नल शोषतं. उंचावर उडणाऱ्या विमानाला त्रास नाही, पण फडापलीकडे खाली आणलेल्या विमानाची लिंक क्वालिटी बोलून दाखवायला लावा. बांधावर उभं राहून उडवलं तरी बराच फरक पडतो.

करंट आणि खर्च झालेले एमएएच

व्होल्टेजपेक्षा खर्च झालेले एमएएच जास्त खरं सांगतात, कारण त्यात थ्रॉटलचा धक्का नसतो. करंट सेन्सर बॅटरी आणि ईएससीच्या मध्ये बसतो. एजटीएक्समध्ये करंटवरून 'कन्झम्प्शन' हा कॅल्क्युलेटेड सेन्सर बनवा आणि 1500 व 1760 वर अलार्म लावा. 1760 म्हणजे 2200 चे 80 टक्के. दर उड्डाणाआधी टेलिमेट्री रीसेट करायला विसरलात तर मागचे एमएएच पुढं चालू राहतात. रीसेट एका स्विचवर ठेवा.

मेळ चार्जरवरून घ्या. उड्डाणानंतर टेलिमेट्री 1260 दाखवते आणि चार्जरने 1400 भरले, तर 1400 भागिले 1260 म्हणजे 1.11. रेशो 11 टक्के वाढवा आणि पुढच्या दोन-तीन चार्जिंगला पुन्हा ताडा. मोटर बंद असताना 0.3 अँपिअर दिसत असेल तर तो ऑफसेट आधी शून्य करा. नाहीतर दहा मिनिटांत 50 एमएएच फुकटचे मोजले जातात.

बेळगाव समुद्रसपाटीपासून 750 मीटरच्या आसपास आहे, इथली हवा किनाऱ्यापेक्षा साधारण सात टक्के विरळ. तोच प्रॉपेलर, तीच मोटर कारवारच्या किनाऱ्यावर नेली की करंट तेवढाच वाढतो. इथं फुल थ्रॉटलला 28 अँपिअर घेणारं विमान तिथं 30 वर जाऊन ईएससीच्या काठावर बसतं. घाट उतरण्याआधी एक इंच लहान प्रॉपेलर सोबत घ्या आणि तिथं पहिल्यांदा जमिनीवरच विमान घट्ट धरून करंट बघा.

उंची आणि व्हेरिओ

उंचीचा सेन्सर हवेचा दाब मोजतो. आपल्या उंचीवर एक हेक्टोपास्कल म्हणजे साधारण 9 मीटर. सकाळी दहाच्या सुमारास दाब चढलेला असतो, दुपारी चारला उतरलेला, फरक दोन-तीन हेक्टोपास्कलचा. म्हणजे सकाळचा शून्य दुपारपर्यंत ठेवला तर उभ्या विमानाची उंची 20-25 मीटर दिसू शकते. प्रत्येक उड्डाणाआधी शून्य करा. सेन्सरच्या भोकावर उघड्या पेशींच्या स्पंजचा तुकडा ठेवा, ऊन आणि थेट वारा दोन्ही लागू देऊ नका.

हा आकडा कायद्यासाठीही लागतो. ड्रोन नियम 2021 प्रमाणे हिरव्या विभागात 400 फूट, म्हणजे 120 मीटरपर्यंत मुभा आहे. विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात ती 200 फूट, म्हणजे 60 मीटर होते. सांबरा विमानतळ आणि शहरातला लष्करी भाग लक्षात घेता बेळगावच्या जवळपास उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलच्या नकाशावर जागा बघणं टाळू नका. अलार्म 110 किंवा 50 मीटरवर लावा. सेन्सर उंची मोजतो ती तुम्ही जिथं बॅटरी जोडली तिथपासून. खानापूरकडच्या चढ-उतारात विमानाखालची जमीन खोल किंवा वर असते, तेवढी सूट धरा.

ग्लायडर उडवणाऱ्यांनी व्हेरिओचा मधला गप्प पट्टा उणे 0.5 ते अधिक 0.3 मीटर प्रतिसेकंद ठेवावा. अख्ख्या वेळ पीं-पीं चालू राहिली तर कान ती ऐकणंच सोडतो. स्टिक ओढल्यावर विमान क्षणभर चढतं आणि व्हेरिओ खोटी थर्मल (वर चढणारी गरम हवा) सांगतो. सलग चार-पाच सेकंद सूर चढा राहिला तरच वळा.

स्क्रीनवर काय ठेवायचं

बॅटरी, खर्च झालेले एमएएच, लिंक क्वालिटी, उपग्रहांची संख्या. एवढंच, मोठ्या अक्षरांत. एप्रिलच्या उन्हात रंगीत स्क्रीन नीट दिसत नाही, साधी काळी-पांढरी चांगली दिसते. बाकी सगळं 'एसडी लॉग्स' लावून अर्ध्या सेकंदाच्या अंतराने कार्डावर जाऊ द्या आणि घरी स्प्रेडशीटमध्ये बघा.

जीपीएस आणि उसातलं विमान

चिकोडी, रायबाग, अथणीकडे उडवणाऱ्याने दुसरा कुठला सेन्सर नसला तरी जीपीएस बसवावा. उड्डाणाआधी किमान सहा-सात उपग्रह दिसू द्या. जीपीएसचा वेग जमिनीवरचा असतो, हवेतला नव्हे. पश्चिमेच्या वाऱ्यात वाऱ्याबरोबर उडताना तो सेकंदाला 18 मीटर दाखवेल आणि विमान तरी स्टॉल होईल (पंखांची उचल जाईल), त्यावरून वेग ठरवू नका.

विमान फडात पडलं की ट्रान्समीटर बंद करू नका. स्क्रीनवर जीपीएसचे शेवटचे आकडे असतात, मोबाइलने लगेच फोटो काढा आणि नकाशात टाका. हे ठिकाण टेलिमेट्री शेवटची पोचली तिथलं असतं, पडलं तिथलं नव्हे. विमान ज्या दिशेने जात होतं त्या दिशेला आणखी 20-30 मीटर धरा. जीपीएसची चूक तीन ते पाच मीटर, म्हणजे दोन्ही बाजूंच्या तीन-चार सऱ्या. सरी धरून आत जा, आडवं घुसलात तर दिशाही चुकते आणि ऊसही मोडतो. शेतमालकाला विचारूनच आत शिरा.

जवळ पोचल्यावर पॉवर 10 मिलिवॉटवर आणा, ट्रान्समीटर छातीशी धरा आणि जागेवर हळूहळू गोल फिरा. अंग मध्ये आलं की सिग्नल पडतो, म्हणजे सगळ्यात चांगला सिग्नल मिळेल तेव्हा विमान तोंडासमोर. थ्रॉटल कट (मोटर बंद ठेवणारा स्विच) चालू ठेवून एलेरॉन (पंखांवरच्या झडपा) हलवा, सर्व्होचा आवाज येतो. सापडल्यावर बॅलन्स आधी, मग मेन काढा. लायपो दबली किंवा फुगली असेल तर वाळलेल्या पाचटावर ठेवू नका आणि लगेच गाडीतही टाकू नका. बाहेर आणून उघड्या खडकावर अर्धा तास ठेवा, कोमट लागत असेल तर आणखी थांबा.