जुना अ‍ॅक्रिलिक टँक रीफसाठी तयार करताना

वापरलेला अ‍ॅक्रिलिक टँक रीफसाठी, म्हणजे खाऱ्या पाण्यात मासे आणि प्रवाळ ठेवायला, बघायला गेलेला माणूस आधी ओरखडे मोजतो. खरं तर ओरखडे हा या कामातला सोपा भाग आहे. वॉटर पेपर (ओला करून घासायचा पॉलिश पेपर), पाणी आणि तीन-चार संध्याकाळी दिल्या की ते जातात. टँक घ्यायचा की सोडायचा हे ठरतं सांध्यांवरून आणि वरच्या कडेला फिरवलेल्या आडव्या पट्टीवरून. ओरखडे भरपूर आणि सांधे शाबूत असा टँक बिनधास्त घ्या. काचेसारखा चकचकीत पण सांध्यात पांढरट झालेला टँक फुकट मिळाला तरी नको.

इथली सगळी मापं 36 × 18 × 18 इंच, 10 मिमी जाडीच्या टँकसाठी आहेत. हा आकार दोन खोल्यांच्या घरातही बसतो आणि लिफ्टमधून नेता येतो. रिकामा टँक साधारण 20-22 किलोचा. तेवढ्याच जाडीच्या काचेचा 40 किलोच्या वर जातो. काठोकाठ भरल्यावर पाणी जवळपास 175 लिटर. उंची 24 इंच असेल तर जाडी किमान 12 मिमी हवीच, जास्त असली तर उत्तम.

बघायला गेल्यावर

खोलीतला दिवा बंद करा आणि टॉर्च सांध्याला समांतर, अगदी चिकटून धरा. टाचणीच्या डोक्याएवढे सुटे बुडबुडे दिसले तर काळजी नाही, ते पहिल्या दिवसापासूनचे असतात. बुडबुड्यांची रांग आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत पोचली असेल, किंवा माशाच्या खवल्यासारखा पांढरा चंद्रकोरी डाग दिसत असेल, तर सांधा सुटायला लागला आहे. हा डाग तळाच्या सांध्यात असेल तर टँक सोडा. भरलेल्या टँकच्या समोरच्या पॅनलवर पाण्याचा एकूण जोर जवळपास 90 किलोचा असतो आणि त्यातला मोठा वाटा खालच्या भागावर पडतो. उभ्या कोपऱ्यात वरच्या बाजूला इंचभर डाग असेल तर आधार देऊन काम होतं.

दुसरी गोष्ट क्रेझिंग. तिरक्या उजेडात कोळ्याच्या जाळ्यासारख्या शेकडो बारीक रेघा चमकतात, पण नख फिरवलं तर काहीच लागत नाही. हे ओरखडे नाहीत, प्लास्टिकमध्ये शिरलेल्या भेगा आहेत. बहुतेक वेळा कुणीतरी स्पिरिट, थिनर किंवा अमोनिया असलेलं काच पुसायचं लिक्विड वापरलेलं असतं, नाहीतर कडांना ज्योत दाखवून चकाकी आणलेली असते. पॉलिश करून क्रेझिंग जात नाही. पॅनलच्या मध्यावर थोडं असेल तर फक्त दिसायला वाईट. सांध्यालगत असेल तर धोका.

वरची पट्टी चारही कोपऱ्यांत हाताने दाबून बघा. अ‍ॅक्रिलिक काचेपेक्षा खूपच लवचिक आहे, टँकचं पोट बाहेर येऊ न देण्याचं काम ही पट्टीच करते. चीर पडते ती बहुधा आतल्या कोपऱ्यात, जिथे काटकोनात कापलेलं असतं.

विकणाऱ्याला एक प्रश्न नक्की विचारा: यात माशांना तांब्याचं औषध दिलं होतं का? अ‍ॅक्रिलिकला त्याचा फारसा त्रास नाही, पण जुना दगड, वाळू आणि सिलिकॉन तांबं धरून ठेवतात आणि ते हळूहळू सोडत राहतात. प्रवाळ, कोळंबी, गोगलगाय यांना ते मारक आहे. उत्तर हो आलं किंवा नीट मिळालं नाही, तर फक्त रिकामा टँक घ्या.

साफसफाई

आतला गुलाबी-जांभळा थर म्हणजे कोरलाइन शेवाळ, मुख्यतः चुना. खरवडायला गेलात तर चुन्याच्या कणांनीच नवे ओरखडे पडतात, म्हणून आधी विरघळवा. अख्खा टँक आम्लाने भरायची गरज नाही. टँक आडवा करा, जो पॅनल साफ करायचा तो खाली. वरची पट्टी आता उभ्या बांधासारखी पाणी अडवते, त्यामुळे दीड सेंटिमीटर द्रावण आत थांबतं. मोठ्या पॅनलला सहा-साडेसहा लिटर पुरतं. एका लिटर पाण्यात 50 ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड घाला. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मंही चालतं, पण महाग पडतं. बारीक फेस येत राहील. फेस थांबला आणि थर तसाच असेल तर द्रावण दमलं, नवीन घाला. रात्रभर ठेवल्यावर थर मऊ होतो. जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने तो सायीसारखा निघतो. स्टीलची घासणी, ब्लेड, भांडी घासायच्या स्पंजची हिरवी बाजू यातलं काहीही आत नेऊ नका.

ब्लीच वापरायचं असेल तर वेगळ्या दिवशी, आम्ल पूर्ण धुऊन झाल्यावर. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो, आणि आपल्याकडच्या बंद बाथरूममध्ये तो खरोखर जीवघेणा आहे.

जुनं सिलिकॉन प्लास्टिकच्या पट्टीने काढून टाका. गळणाऱ्या सांध्यावर सिलिकॉन फासणं ही या कामातली सगळ्यात मोठी चूक. सिलिकॉन अ‍ॅक्रिलिकला धड चिकटत नाही. महिनाभर थोपवून धरतं आणि मग सुटतं. तोवर सांध्यात खारं पाणी आणि मळ शिरलेला असतो, त्यावर खरा जोडही नीट बसत नाही.

जोडकाम: पावसाळा टाळा

अ‍ॅक्रिलिक चिकटवत नाहीत, विरघळवून एकजीव करतात. ठाण्याच्या वागळे इस्टेट किंवा नवी मुंबईच्या रबाळे-महापे पट्ट्यात साइनबोर्ड आणि अ‍ॅक्रिलिकची कामं करणाऱ्यांकडे पाण्यासारखं पातळ सॉल्व्हंट असतं, बहुधा मेथिलीन क्लोराइड किंवा क्लोरोफॉर्म. ते फक्त तंतोतंत बसणाऱ्या, स्वच्छ, नव्या कडांसाठी. जुन्या सांध्याला आधार द्यायला घट्ट प्रकार लागतो: वेल्ड-ऑन 16, किंवा दोन भाग मिसळून वापरायचं वेल्ड-ऑन 40.

सॉल्व्हंट झपाट्याने उडतं, उडताना पृष्ठभाग थंड करतं आणि हवेतलं बाष्प तिथे धरतं. जोड दुधाळ होतो आणि कच्चा राहतो. जुलैत ठाण्यात हे हमखास होतं. डिसेंबर ते फेब्रुवारी हा या कामाचा काळ. थांबणं शक्यच नसेल तर एसीच्या खोलीत टँक आदल्या रात्रीपासून ठेवा, म्हणजे पॅनलही कोरडा होतो.

सांध्याच्या आत बसवायला 12 मिमी चौकोनी अ‍ॅक्रिलिक दांडी मापाने कापून घ्या. कास्ट अ‍ॅक्रिलिक मागा. एक्सट्रुडेड स्वस्त असतं, पण सॉल्व्हंट लागलं की लवकर तडकतं. दांडीच्या चिकटणाऱ्या दोन बाजू आणि टँकचा कोपरा 400 नंबरच्या वॉटर पेपरने खरखरीत करा, दोन्हीकडे मास्किंग टेप लावा, घट्ट जोडद्रव्याची सलग रेघ ओढा आणि दांडी एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे दाबत न्या, म्हणजे हवा पुढे ढकलली जाते. क्लॅम्प पिळून लावू नका. जोर जास्त झाला की द्रव्य बाहेर येतं आणि जोड सुकाच राहतो.

सॉल्व्हंटची वाफ हवेपेक्षा जड असते. टँक सरळ ठेवला तर ती त्यात विहिरीसारखी साठते आणि आतल्या पॅनलवर क्रेझिंग आणते. म्हणून जोडल्यावर टँक कुशीवर ठेवा, तोंड खिडकीकडे, पंखा हलका. ही वाफ माणसालाही घातक आहे आणि साधे रबरी हातमोजे काही मिनिटांत झिरपतात. मुलं त्या खोलीत नकोत, दारं-खिडक्या उघड्या. एसीत काम केलंत तर जोडून झाल्याबरोबर खिडकी उघडा.

पट्टीला चीर असेल तर चिरेच्या टोकाला 3 मिमीचं भोक पाडा, म्हणजे ती पुढे सरकत नाही. मग वरून त्याच जाडीची पट्टी, चिरेच्या दोन्ही बाजूंना 5 सेंमी पुढे जाईल अशी जोडा. ड्रिल हळू फिरवा, पाणी टाकत राहा. जोरात फिरणारं साधं ड्रिल अ‍ॅक्रिलिकला आरपार जाताना पकडतं आणि तुकडाच उडवतं.

जोड झाल्यावर आठवडाभर पाणी नाही.

पाण्याची चाचणी, पॉलिशच्या आधी

आधी पॉलिश केलं आणि मग गळती निघाली तर सगळी मेहनत वाया. चाचणी बाथरूममध्ये किंवा तळमजल्यावर करा, कँटिलिव्हर, म्हणजे खालून आधार नसलेल्या, बाल्कनीत नको. खाली 18 मिमी मरीन प्लाय, म्हणजे आयएस 710 शिक्का असलेला, सपाट टेकवा. अ‍ॅक्रिलिकचा अख्खा तळ टेकलेला हवा, फक्त कडा नाही. खाली वर्तमानपत्र पसरा. एक तृतीयांश भरून चार तास, दोन तृतीयांश भरून रात्रभर, मग पूर्ण भरून 72 तास. समोरच्या पॅनलवर या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरा ताणून मध्ये फुगवटा किती ते रोज मोजा. दोन-तीन मिमी चालतो. तिसऱ्या दिवशीही वाढत असेल तर पट्टी कमजोर आहे.

दमट हवेत थंड पाणी भरलं की टँकला बाहेरून घाम येतो आणि गळतीचा भास होतो. पाणी रात्रभर बादल्यांत ठेवून खोलीच्या तापमानाचं करा. संशय आला तर सांधा पुसून कोरडा टिश्यू लावून धरा. गळती एकाच ठिकाणी परत ओली होते, घाम सगळीकडे.

ओरखडे

काम सुरू करायच्या आधी आतली बाजू ओली करून बघा. हवा आणि अ‍ॅक्रिलिक यांच्या वक्रीभवनात जेवढा फरक आहे, त्यापेक्षा पाणी आणि अ‍ॅक्रिलिक यांच्यात खूप कमी: पाण्याचा वक्रीभवनांक 1.33, दुसऱ्याचा 1.49. त्यामुळे आतले बरेच ओरखडे ओले होताच दिसेनासे होतात. जे ओले असताना दिसत नाहीत त्यांना हात लावू नका. बाहेरच्या ओरखड्यांना ही सवलत नाही.

नख अडकत असेल तर 400 पासून सुरुवात, नख सरकत असेल तर थेट 1000 पासून. क्रम 400, 600, 800, 1000, 1500, 2000, आणि बाहेरून 3000 सुद्धा. पेपर रबरी ठोकळ्यावर गुंडाळा, बोटांनी घासू नका. बोटांखाली खड्डा पडतो आणि पाणी भरल्यावर त्यातून मासा लांबट-आखूड दिसतो. त्याच कारणाने ओरखड्याच्या सगळ्या बाजूंनी 15 सेंमीपर्यंत घासा. प्रत्येक नंबरला दिशा काटकोनात बदला. आधीच्या नंबरच्या रेघा पूर्ण गेल्याशिवाय पुढे जायचं नाही, आणि ते कळतं कोरडं पुसल्यावरच: सगळा भाग एकसारखा धुरकट झाला पाहिजे, मध्येच एखादी चमकणारी रेघ उरली तर ती आधीचीच. घाईत 400 ची एक रेघ सोडली की ती 2000 नंतर ठळक दिसते आणि सगळा क्रम पुन्हा करावा लागतो.

दर नंबरला बादलीतलं पाणी आणि फडका दोन्ही बदला. पांढऱ्या गाळात अडकलेला 400 चा एक कण पुढची तासाभराची मेहनत बिघडवतो.

पॉलिशला अ‍ॅक्रिलिकसाठीचं कंपाउंड, उदाहरणार्थ नोव्हस कंपनीचं 2 नंबरचं आणि मग 1 नंबरचं. गाडीच्या कंपाउंडमध्ये मेण, सिलिकॉन, सॉल्व्हंट असतात. ते आत वापरू नका. मशीन वापरलं तर फोमचं पॅड, वेग कमी, हात सतत हलता. पॅनलला तळहात लावा: कोमट ठीक, त्याच्या पुढे थांबा. तापलेल्या अ‍ॅक्रिलिकमध्ये ताण बसतो आणि महिन्यांनी तिथे क्रेझिंग उगवतं. शेवटी टँक साध्या पाण्याने चार-पाच वेळा धुवा आणि एक दिवस भरून ठेवून ओता.

बसवताना

टँकला पाइपसाठी भोकं असतील तर त्यांतले बल्कहेड, म्हणजे पाइप जोडायचे फिटिंग, नवे घ्या, निदान वॉशर तरी. वॉशर आतल्या कॉलरच्या बाजूला, सिलिकॉनशिवाय. नट हाताने घट्ट आणि वर पाव फेरा, बस्स. हार्डवेअरच्या दुकानात टँक निपल मागितलं की बरेचदा पितळी देतात. ते नको, पितळेत तांबं आहे. यूपीव्हीसी किंवा एबीएसचंच घ्या.

आयएस 875 या भारतीय मानकानुसार घराचा स्लॅब चौरस मीटरला साधारण 200 किलो वापरभारासाठी (माणसं आणि सामान) धरतात. हा टँक भरल्यावर तळाखाली त्याच्या दुपटीहून जास्त भार येतो, म्हणून तो खोलीच्या मध्यावर नाही तर बीम असलेल्या भिंतीला लागून ठेवा.

नळाचं पाणी, मग ते मोरबे धरणाचं असो की भातसा धरणाचं, क्लोरीनचं असतं, आणि उन्हाळ्यात सोसायटीत टँकर आला की क्षार वाढतात. स्वयंपाकघरातल्या आरओमध्ये टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) वाढवायची सोय असते, त्यामुळे तेही चालत नाही. डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारे दाणे) जोडलेलं आरओ लावा, टीडीएस मीटरवर 0 दिसलं पाहिजे. त्यात रीफ सॉल्ट, सापेक्ष घनता 25 अंशांना 1.026 होईल एवढं. खाडीचं पाणी आणू नका. त्यात सांडपाणी आहे आणि पावसात खारटपणा घसरतो. आपल्या समुद्रातले कठीण प्रवाळ आणि त्यांचे दगड 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. तयार केलेला कोरडा दगड वापरा.

पाणी 25-26 अंशांवर राहायला हवं. पंख्याने बाष्पीभवन करून दोन-तीन अंश उतरतात ते कोरड्या हवेत; जूनपासून हवा दमट झाली की पंखा निरुपयोगी. चिलरचा, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या यंत्राचा, खर्च पहिल्याच दिवशी धरा.

आणि पुन्हा ओरखडे नकोत म्हणून: मॅग्नेट क्लीनर (आतून शेवाळ पुसायचा चुंबक) अ‍ॅक्रिलिकसाठीचाच, वाळूच्या वर 5 सेंमीवर थांबवायचा आणि दर वेळी पॅड बोटाने चाचपून मगच फिरवायचा. एक दाणा अडकला तर एका फेरीत तळहाताएवढा चरा पडतो. कोरलाइन आठवड्याला काढा, तेव्हा ते मऊ असतं. समुद्री साळिंदर, म्हणजे अर्चिन, या टँकमध्ये सोडू नका. शेवाळ खाताना ते दातांनी अ‍ॅक्रिलिकही खरवडतं.