नवशिक्याला टेनिसची कोणती सर्व्हिस आधी शिकवावी?

फ्लॅट (जवळपास फिरकीशिवाय, सरळ), स्लाइस (बाजूच्या फिरकीची) आणि किक (वरच्या फिरकीची, उंच उसळणारी) या तिन्हींपैकी सुरुवात हलक्या स्लाइसने करावी. फ्लॅट सोपी वाटते, पण माप बघा: बेसलाइन (कोर्टची मागची रेषा, जिथून सर्व्हिस करतात) नेटपासून 11.89 मीटर, सर्व्हिस लाइन (जिच्या अलीकडे सर्व्हिस पडावी लागते) 6.40 मीटर, नेट मध्यभागी 91.4 सेंटिमीटर. चेंडू साधारण 2.6 मीटरच्या खाली मारला, तर तो सरळ रेषेत नेटवरून जाऊन समोरच्या सर्व्हिस बॉक्समध्ये, म्हणजे नेट आणि सर्व्हिस लाइन यांमधल्या चौकोनात, पडूच शकत नाही. मुलांचा हात तेवढा पोचत नाही, म्हणून चेंडूला फिरकी हवी. किकमध्ये पाठ मागे वाकते, कमरेवर आणि खांद्यावर ताण येतो. ती पुढच्या टप्प्यावर.

पहिल्याच दिवशी ग्रिप, म्हणजे रॅकेटची पकड, पक्की करा. रॅकेट हातोडीसारखी धरायची. तीच कॉन्टिनेन्टल ग्रिप. नवशिके उलथनं धरावं तशी धरतात आणि चेंडू लगेच आत पडू लागतो, म्हणून शिकवणाराही गप्प बसतो. तिथेच नुकसान होतं: त्या पकडीत फटका मारताना हात मोकळा वळत नाही, फिरकी येत नाही आणि सवय सुटता सुटत नाही.

उजव्या हाताच्या खेळाडूने डावा पाय नेटच्या उजव्या खांबाकडे रोखून, पाय खांद्याइतके फाकवून उभं राहावं. मागचा पाय पुढच्याजवळ ओढू नये, तोल जातो. रॅकेट थेट खांद्यामागे, कोपर खांद्याच्या उंचीवर. मोठा झोका नंतर.

सर्वाधिक वेळ टॉसला, म्हणजे मारण्याआधी चेंडू वर उडवण्याला, द्या. चेंडू बोटांच्या टोकांवर, हात सरळ, मनगट स्थिर. उंच फळीवर वाटी ठेवावी तसा तो वर सोडायचा. पुढच्या पायापासून फूटभर पुढे, किंचित उजवीकडे टोपी ठेवा आणि न मारता चेंडू तिच्यावर पडू द्या. टॉस मागे गेला की चेंडू बाहेर जातो, फार पुढे गेला की नेटमध्ये. बिघडलेला टॉस झेलून पुन्हा करा. नियमात तो फॉल्ट (चुकलेली सर्व्हिस) धरला जात नाही.

आता सर्व्हिस लाइनवरून मारा. रॅकेट आधी कडेने चेंडूकडे जाते, शेवटी रॅकेटची जाळी वळते आणि चेंडूची उजवी बाजू घासते. हात डाव्या मांडीशी थांबतो. दहापैकी सात आत पडले की दोन पावलं मागे, असं करत बेसलाइन गाठा. लहान मुलांना नेहमीच्या चेंडूपेक्षा 50 टक्के मंद असलेला नारिंगी चेंडू द्या. खांदा दुखत असेल तर त्या दिवशी खालून सर्व्हिस करू द्या, तीही नियमात बसते.