ब्रोकरच्या चुकीच्या सल्ल्याची तक्रार मार्गी लावताना

सोयाबीनचे पैसे एजंटाने ऑप्शनमध्ये (शेअर बाजारातल्या जोखमीच्या सौद्यांत) घालायला लावले आणि बुडाले, तर नुसत्या ‘तोटा झाला’वर तक्रार टिकत नाही. सल्ला तुमच्या ऐपतीला धरून नव्हता, हे दाखवावं लागतं.

सगळ्यात आधी केवायसी फॉर्मची, म्हणजे खातं उघडताना तुमची ओळख आणि उत्पन्न नोंदवलेल्या अर्जाची, प्रत मागवा. उत्पन्नाचा रकाना नीट वाचा. तिथे आकडा फुगवलेला असेल तर प्रकरणाचा जीव तिथेच आहे. मग कॉन्ट्रॅक्ट नोट (सौद्याची पावती), लेजर (खात्याचा जमाखर्च), व्हॉट्सॲपचे संदेश तारखेवार लावा. ऑर्डर तुम्हीच दिली याचा पुरावा ठेवणं ब्रोकरवर बंधनकारक आहे, तेव्हा फोनचं रेकॉर्डिंग लेखी मागा. तोंडी मागितलेलं कुठेच दिसत नाही.

तक्रार गावातल्या एजंटावर नको, मुख्य ब्रोकरवर करा. एजंटाच्या कामाची जबाबदारी मुख्य ब्रोकरचीच. आधी त्याच्या तक्रार कक्षाला ईमेल. दाद नाही मिळाली तर सेबीच्या (शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या) स्कोअर्स या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर, घटनेपासून १ वर्षाच्या आत. ब्रोकरला २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. उत्तर गुळमुळीत असलं तर १५ दिवसांत फेरविचार मागा, ही मुदत चुकली की तक्रार बंद होते. त्यानंतर स्मार्ट ओडीआर, म्हणजे वाद ऑनलाइन मिटवायचं पोर्टल: आधी समेट, तो फिसकटला तर लवाद.