नव्या करारातलं 'दूध': गाला हा ग्रीक शब्द स्वतः कसा अभ्यासायचा

बायबल स्टडीत दुधाचं वचन निघालं की बहुतेक वेळा एकच अर्थ सांगितला जातो, दूध म्हणजे प्राथमिक शिक्षण, लहान विश्वासणाऱ्यांचं, आणि जड अन्न मोठ्यांचं. हे एका ठिकाणी बरोबर आहे पण सगळीकडे नाही, आणि पेत्राच्या पत्रात तर तसं वाचलं की वचनाची सगळी गोडीच जाते. म्हणून ग्रीक येत नसलं तरी घरबसल्या हा शब्द कसा तपासायचा ते सांगते.

आधी सगळ्या जागा गोळा करा. शब्द आहे गाला, स्ट्राँगच्या कोशात, म्हणजे बायबलच्या प्रत्येक मूळ शब्दाला नंबर देणाऱ्या कोशात, नंबर 1051. बायबल हब किंवा ब्लू लेटर बायबल या साईट फुकट आहेत, तिथे हा नंबर टाकला की नव्या करारातल्या सगळ्या जागा समोर येतात, आणि त्या फक्त पाच आहेत: 1 करिंथ 3:2 आणि 9:7, इब्री 5:12 आणि 5:13, 1 पेत्र 2:2. पाचच आहेत म्हणून एका बैठकीत होतं, पण प्रत्येक वेळी नुसतं ते वचन वाचू नका, मागचा-पुढचा अख्खा परिच्छेद वाचा.

आता यातलं खरंखुरं दूध बाजूला काढा. 1 करिंथ 9:7 मध्ये पौल विचारतो की कळप राखणारा माणूस त्या कळपाचं दूध घेत नाही का, म्हणजे इथे कुठलाही गूढ अर्थ नाही, मुद्दा सेवकाच्या हक्काचा आहे. गंमत म्हणजे ग्रीकमध्ये इथे क्रियापद 'खाणे' आहे, 'पिणे' नाही.

राहिल्या चार जागा. तिथे प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारायचा, दुधाच्या समोर काय ठेवलंय? सगळा अर्थ त्यावर फिरतो.

करिंथमध्ये समोर अन्न आहे. मी तुम्हाला दूध पाजलं, अन्न दिलं नाही, कारण तुम्हाला ते झेपत नव्हतं, असं पौल म्हणतो. पण का झेपत नव्हतं ते लगेच 3:3-4 मध्ये आहे: हेवा आणि भांडणं, मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा (अपुल्लोस हा तिथे शिकवणारा दुसरा सेवक). म्हणजे त्यांना माहिती कमी होती म्हणून ते बाळ नव्हते, एकमेकांशी वागत कसे होते त्यावरून पौल त्यांना बाळ म्हणतोय, आणि हे आपल्याकडे फार कमी शिकवलं जातं. अजून एक बघा, 'पाजलं' साठी जे क्रियापद 3:2 मध्ये आहे तेच 3:6 मध्ये, मी लावलं, अपुल्लोसाने पाणी घातलं, तिथे आलंय. पौलाचं दूध पाजणं आणि अपुल्लोसाचं पाणी घालणं एकाच शब्दात, आणि वाढवणारा मात्र देव. इंटरलिनिअर, म्हणजे ग्रीक ओळीखाली शब्दाला शब्द अर्थ दिलेलं बायबल, उघडल्याशिवाय हे दिसत नाही कारण भाषांतरात दोन वेगळे शब्द पडतात.

इब्रीमध्येही समोर जड अन्न आहे, पण कारण वेगळं. इथे लोक ऐकण्यात मंद झालेत, एव्हाना शिक्षक व्हायला हवे होते. इथलं दूध म्हणजे नेमकं काय हे शोधायला कुठे लांब जावं लागत नाही, 6:1-2 मध्ये मूळ शिक्षणाची यादीच आहे: पश्चात्ताप, देवावरचा विश्वास, बाप्तिस्मे, हात ठेवणं, मेलेल्यांचं पुनरुत्थान, न्याय. आणि लेखकाला सांगायचं असलेलं जड अन्न म्हणजे ख्रिस्ताचं मलकीसदेकासारखं (जुन्या करारातला राजा आणि याजक) याजकपण, जे सातव्या अध्यायात येतं.

आता पेत्र, आणि इथे खरा वेळ द्या. इथे समोर जड अन्न नाहीच! कोणी रागवतही नाहीये. नुकत्याच जन्मलेल्या बाळांसारखी दुधाची ओढ धरा, त्याने तुमची वाढ होवो, असं सगळ्यांनाच सांगितलंय, आणि हे दूध कधी सोडा असं कुठेही म्हटलेलं नाही. मग दुधाच्या समोर काय आहे? वरचं वचन बघा, 2:1 मध्ये टाकून द्यायच्या गोष्टींत कपट आहे, ग्रीक दोलोस. आणि दुधाचं विशेषण आहे आदोलोस, म्हणजे त्याच शब्दाला नकार जोडून केलेलं, कपट नसलेलं, भेसळ नसलेलं. ग्रीक लोक हा शब्द धान्याबद्दलही वापरायचे, निर्भेळ माल या अर्थी. दुधात पाणी घालणं काय असतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

दुसरं विशेषण लोगिकोस, हे नव्या करारात फक्त दोनदा येतं, इथे आणि रोमकरांस 12:1 मध्ये. कोणी त्याचं भाषांतर आध्यात्मिक करतात, कोणी वचनाचं. मला दुसरं जास्त पटतं कारण जरा वर, 1:23 मध्ये, देवाच्या जिवंत वचनाने, लोगोसने (लोगिकोस याच शब्दापासून आलाय), नवा जन्म झाल्याचं आलंय, मग ज्याने जन्म दिला त्याच वचनाचं दूध हे सरळ लागतं. इथे दोन-तीन मराठी भाषांतरं शेजारी ठेवून वाचा, पंडिता रमाबाईंचं मिळालं तर तेही, त्यांनी केडगावला बसून मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषेवरून सगळं बायबल मराठीत आणलं.

जुना करार सोडू नका. जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरातही निर्गम 3:8 मधल्या दुधामधाच्या देशासाठी गाला हाच शब्द आहे. सुरुवातीच्या मंडळ्यांत काही ठिकाणी बाप्तिस्म्यानंतर नव्या माणसाला दूध आणि मध द्यायचे, तर्तुल्यन या सुरुवातीच्या काळातल्या ख्रिस्ती लेखकाने लिहून ठेवलंय, म्हणजे वचनदत्त देशात पाऊल पडलं हे त्याला जिभेवर कळायचं. त्याच काळातला शिक्षक अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट तर दूध म्हणजे कमी दर्जाचं असं म्हणणाऱ्यांशी भांडलाय, दूध पिणारे ते अपूर्ण आणि आम्ही परिपूर्ण असं मिरवणारे लोक तेव्हाही होते.

धडा तयार करताना एवढं सांभाळा की इब्री 5:12 नव्या विश्वासणाऱ्याला ऐकवू नका, ते जुन्यांसाठी लिहिलंय. बाप्तिस्म्याच्या तयारीच्या वर्गात पेत्र घ्या, आणि मंडळीत गट पडले असतील तर करिंथचा तिसरा अध्याय पहिल्यापासून नवव्या वचनापर्यंत एकत्र बसून मोठ्याने वाचा.