लुक्का बघायचंय? मग तटावरून सुरुवात करा

आमच्या साताऱ्यात अजिंक्यतारा चढायचा म्हणजे घाम निघतो, इटलीतल्या लुक्का गावाचा तट मात्र आजीबाईपण आरामात फिरतील, कारण वर चक्क झाडं लावलेला रुंद सपाट रस्ता आहे, 4 किलोमीटरच्या वर, गावाला पूर्ण वेढा घालणारा. पिसाहून ट्रेनने अर्ध्या तासात पोचता येतं. कागदी तिकीट काढलं तर चढायच्या आधी स्टेशनवरच्या मशिनमध्ये पंच करा, नाहीतर दंड बसतो, मला बसलाय म्हणून सांगतोय.

स्टेशनातून बाहेर आलं की तट समोरच. आत जाऊन सायकल भाड्याने घ्या आणि पहिली एक चक्कर वरूनच मारा. हा तट 16व्या-17व्या शतकात बांधला, शंभर वर्षांच्या वर काम चाललं, आणि गंमत म्हणजे यावर कधी हल्लाच झाला नाही. 1812 साली सेर्कियो नदीला पूर आला तेव्हा मात्र याच भिंतींनी गाव वाचवलं!

मग सायकल परत करून ग्विनिजी टॉवर चढा. दोनशेच्या वर पायऱ्या, पण 45 मीटरवर छपरावर खरीखुरी ओकची झाडं उभी आहेत, त्यांच्या सावलीत बसून खाली कौलंच कौलं दिसतात. तिथूनच लंबगोल चौक शोधा, रोमन अँफिथिएटरच्या पायावर घरं बांधत गेले म्हणून तो आकार. संगीतकार पुच्चिनी इथलाच, जन्म 1858, घराचं म्युझियम केलंय, ऑपेराचा नाद नसेल तर सोडा.

निघताना बुचेल्लातो घ्या, मनुका आणि बडीशेपेसारख्या वासाचा गोड पाव. कंदी पेढ्याची सर नाही, पण चहाबरोबर चालतो.